आवाज नाही म्हणून बिनधोक? फुलबाजीच्या तारेवर नेमकं काय जळतं

दिवाळी आठवड्यावर आली की आमच्या ठाण्यातल्या वर्तकनगरच्या सोसायटीत दोन गोष्टी हमखास होतात. लिफ्टशेजारी नोटीस लागते, आणि त्या नोटिशीवरून व्हॉट्सॲप ग्रुपवर जुंपते. यंदाची नोटीस अशी होती: 'आवारात मोठ्या आवाजाचे फटाके वाजवू नयेत. फुलबाजी, भुईनळे, भुईचक्र, नागगोळी अशा लहान मुलांच्या बिनधोक फटाक्यांना परवानगी राहील.' तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारलं, "बिनधोक हे कोणी ठरवलं?" चार जणांनी अंगठे टाकले, दोघांनी हात जोडले आणि एकाने लिहिलं, "काका वागळे इस्टेटला होते, त्यांना विचारा." झालं, प्रकरण माझ्या गळ्यात.

मी फटाक्यांच्या कारखान्यात कधीच नव्हतो. वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं लोखंड घासलं, एवढंच. पण फुलबाजी समजून घ्यायला ते शिक्षण पुरतं, कसं ते पुढे येईलच. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: आपण फटाक्याचा धोका कानाने मोजतो. धडाम झालं की घाबरतो, तडतडलं की कौतुकाने फोटो काढतो. आणि म्हणूनच घरातली सगळ्यात तापलेली वस्तू घरातल्या सगळ्यात लहान माणसाच्या हातात देतो.

कॅन्टीन आणि डबा

सुरुवात आगीपासून करू. लाकूड जळतं, कागद जळतो, गॅस जळतो, तेव्हा त्यांना हवेतला ऑक्सिजन लागतो. पेटत्या कढईवर झाकण टाकलं की आग विझते ती म्हणूनच. ऑक्सिजनची वाट बंद, आग बंद.

फटाक्याचं तसं नाही. लाकूड हे कॅन्टीनमध्ये जेवणारं माणूस आहे; कॅन्टीन बंद तर उपाशी. फटाका घरून डबा घेऊन येतो. त्याच्या दारूत जळणाऱ्या पदार्थाबरोबरच ऑक्सिजन पुरवणारा एक क्षार मिसळलेला असतो. त्याला ऑक्सिडायझर म्हणतात, पण मी पुढे त्याला डबाच म्हणणार आहे. जुन्या काळ्या दारूत हा डबा म्हणजे शोरा, पोटॅशियम नायट्रेट. त्याच्या जोडीला गंधक आणि कोळसा. तापला की शोरा आपल्या पोटातला ऑक्सिजन सोडतो आणि कोळसा-गंधक तिथल्या तिथे तो वापरून जळतात. हवेची वाट बघावी लागत नाही, म्हणून जळणं इतकं झपाट्याने होतं.

यातून एक व्यवहारातली गोष्ट निघते. पेटलेल्या फुलबाजीवर कापड टाकून किंवा बूट दाबून ती घुसमटत नाही, तिचा डबा तिच्याजवळ असतो. बादलीत बुडवली तर बहुतेक वेळा विझते. हवा तुटली म्हणून नव्हे. पाण्याने उष्णता ओढून घेतली म्हणून.

तार, खळ आणि लोखंडाचा कीस

फुलबाजी म्हणजे तारेवर वाळवलेला लगदा. त्यात चार गोष्टी: एक डबा (आपल्याकडे कैक वर्षं बेरियम नायट्रेट, त्याची वेगळी कथा आहे), जळायला ॲल्युमिनियमची बारीक भुकटी, ठिणग्यांसाठी लोखंडाचा किंवा पोलादाचा कीस, आणि हे सगळं तारेला धरून ठेवायला डेक्स्ट्रिन. डेक्स्ट्रिन म्हणजे भाजलेला स्टार्च. आजी सुती साड्यांना घालायची त्या खळीचाच हा भाऊ. प्रमाणं मी लिहीत नाही, मुद्दाम. ज्याला ती हवी असतात तो बहुतेक वेळा नववीतला मुलगा असतो.

तारा सरळ करून, सारख्या लांबीच्या कापून एका लाकडी चौकटीत शेजारी शेजारी खोचतात. एका चौकटीत अशा कितीतरी तारा, ब्रशाच्या केसांसारख्या. चौकट उलटी धरून सगळ्या तारा एकदम लगद्यात बुडवायच्या, वर काढायच्या, उन्हात वाळवायच्या, पुन्हा बुडवायच्या. कापूस वळलेली वात पातळ मेणात पुन्हापुन्हा बुडवून मेणबत्ती जाड करतात, तसंच. धरायला तारेचं एक टोक कोरडं सोडायचं. फुलबाजी नीट निरखून बघा, लेप टोकाकडे किंचित जाड असतो आणि कधीकधी थेंबाचा आकार तसाच सुकलेला दिसतो. उलटं टांगून वाळवल्याची ती खूण.

खोक्यावर 'इलेक्ट्रिक' लिहिलेलं असतं त्यात वीज काही नसते. पांढऱ्या-सोनेरी ठिणग्यांच्या फुलबाजीला बाजारात पडलेलं ते नाव आहे.

या कामाला कोरडी हवा लागते, आणि देशातले बहुतेक फटाके तमिळनाडूच्या विरुधुनगर जिल्ह्यातल्या शिवकाशीहून येण्याचं ते एक मोठं कारण. तिथले अय्या नाडर आणि षण्मुग नाडर हे दोघे भाऊबंद १९२० च्या दशकात कोलकात्याला जाऊन काड्यापेट्यांचं काम शिकून आले. आधी काड्यापेट्या, मग फटाके असा त्या गावाचा प्रवास झाला. पाऊस कमी, शेती बेभरवशाची, ऊन मात्र भरपूर. महाराष्ट्रातही धाराशिव जिल्ह्यातलं तेरखेडा या धंद्यासाठी प्रसिद्ध आहे, तेही कमी पावसाच्या टापूतच. आपल्या खाडीकाठी लगदा वाळेपर्यंत तुळशीचं लग्न उरकेल.

कला मात्र शिवकाशीहून जुनी. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतातल्या दारूकामाचा इतिहास जुन्या पोथ्यांतून शोधून काढला. त्यांच्या पुराव्यांत एकनाथांच्या सोळाव्या शतकातल्या रुक्मिणी स्वयंवरातलं लग्नाचं वर्णनही आहे, दारूकामासकट. सरकारी कागदांत अजूनही 'शोभेची दारू' असाच शब्द आहे, आणि तो मला फटाक्यापेक्षा जास्त आवडतो.

ठिणगीला फांद्या का फुटतात

पणतीवर फुलबाजी धरली की लगेच पेटत नाही. आधी टोक काळं पडतं, नुसता धूर येतो, पोरगं कंटाळून "खराब आहे" म्हणतं, आणि तेवढ्यात चर्रकन पांढरी होते. हा उशीर ॲल्युमिनियममुळे. त्याच्या प्रत्येक कणावर गंजाचं एक पातळ, पण चिवट कवच असतं. (लोखंडाचा गंज सुटून पडतो, ॲल्युमिनियमचा चिकटून राहतो, म्हणून तर घरातली पातेली वर्षानुवर्षं टिकतात.) ते कवच भेदलं जाईपर्यंत आत आग पोचत नाही. एकदा पोचली की मग थांबत नाही. वरचा थर खालच्या थराला तापवतो, तो त्याच्या खालच्याला. लेप घट्ट वाळलेला असल्यामुळे ज्वाळा आत घुसू शकत नाही. थर एकामागून एक, रांगेत जळतात. फुलबाजी सावकाश जळते ती या शिस्तीमुळे. काही महाभाग पाच-सहा फुलबाज्या एकत्र धरून पेटवतात, तेव्हा त्या एकमेकींना तापवतात, रांग मोडते आणि सगळं एकदम भडकतं. हातच मागे घ्यायला वेळ मिळत नाही.

आता ठिणग्या. इथे माझं वर्कशॉप येतं. आमच्याकडे एक वयस्कर मिस्त्री होते. भंगारात आलेला दांडा कोणत्या पोलादाचा हे बघायला ते प्रयोगशाळेत तुकडा पाठवत नसत. दांडा ग्राइंडरला लावायचा, उजेडाकडे पाठ करायची आणि ठिणग्या बघायच्या. साधं माइल्ड स्टील असेल तर लांब, सरळ, पिवळसर रेषा, फांद्या तुरळक. कार्बन जास्त असलेलं पोलाद असेल तर प्रत्येक रेषेच्या टोकाला झुडूप फुटतं. "ह्याच्यात कोळसा आहे रे," असं ते म्हणायचे, आणि रसायनशास्त्राच्या दृष्टीने त्यात एका अक्षराची चूक नव्हती.

फुलबाजीत हेच घडतं. ॲल्युमिनियमच्या आगीत पोलादाचा कण तापतो, सुटून उडतो, हवेत गेल्यावर हवेतलाच ऑक्सिजन घेऊन स्वतः जळायला लागतो. (हो, डब्यातून सुटला की तो कॅन्टीनचा गिऱ्हाईक.) वितळलेल्या त्या थेंबात थोडा कार्बन अडकलेला असतो. कार्बन जळला की वायू होतो, वायूला जागा लागते, आणि थेंब आतून फुटतो. एकाचे पाच-सहा होतात, ते पुन्हा फुटतात. आपण त्याला फूल म्हणतो. शुद्ध लोखंड वापरलं असतं तर फूल नसतं आलं, नुसत्या काड्या दिसल्या असत्या. वर्कशॉपमधली जी अशुद्धता, तिचीच दिवाळीत शोभा.

"पण ठिणग्या हातावर पडल्या तरी भाजत नाही!"

हा प्रश्न ग्रुपवर पहिल्या पाच मिनिटांत आला. अनुभव खरा आहे. चूक त्यावरून काढलेल्या निष्कर्षात आहे.

फोडणी देताना मोहरीचा एक दाणा उडून मनगटावर येतो. चटका बसतो न बसतो, आपण काम चालू ठेवतो. तेच तेल डावभर सांडलं तर दवाखाना. तेलाचं तापमान दोन्ही वेळा एकच होतं. अंगावर आलेली उष्णता वेगळी. तापमान म्हणजे किती कडक, उष्णता म्हणजे एकूण किती.

ठिणगीचं तापमान हजार अंश सेल्सिअसच्या वर, पण तिचं वजन बघा. लोखंडाचा कण एक दशांश मिलिमीटरचा धरला तर त्याचं वजन मिलिग्रॅमच्या सुमारे अडीचशेव्या भागाइतकं भरतं. त्यात मावून मावून उष्णता किती मावणार? कातडीला टेकेपर्यंत ती हवेतच संपते. तार मात्र काही ग्रॅमची असते, म्हणजे ठिणगीच्या लाखो पट. आणि तिच्याभोवती नुकताच तो लेप जळून गेलेला असतो. सोनाराच्या मुशीत सोनं वितळतं ते १०६४ अंशांना. फुलबाजीची आग त्याच पंक्तीत बसते.

सगळ्यात फसवा क्षण असतो तो फुलबाजी विझल्यानंतरचा. तार काही सेकंद लाल दिसते, मग काळी पडते. लाल रंग गेला म्हणजे ती पाचशे अंशांच्या खाली आली, एवढाच अर्थ. गार झाली असा नव्हे. उकळतं पाणी शंभर अंशांचं असतं.

चार वर्षांपूर्वी आमच्या बी विंगच्या पार्किंगमध्ये नेमकं हेच झालं. सात वर्षांचा मुलगा, चप्पल काढून पळत होता. कोणीतरी संपलेली तार खाली टाकली होती, काळी, अंधारात न दिसणारी. तो ओरडला तेव्हा आम्हाला वाटलं पडला. उचलून घेतला तर तळपायावर आडवी, पट्टीने आखावी तशी रेघ. कुणी टूथपेस्ट आणायला धावलं, कुणी बर्फ. नशिबाने वॉचमनने कार धुवायचा पाइप चालू केला आणि पोराचा पाय त्याखाली धरला. बरोबर उपाय तोच आहे: नळाचं साधं गार पाणी, वाहतं, वीस मिनिटं. वीस मिनिटं रडणाऱ्या मुलाबरोबर फार लांब वाटतात, तरी वीसच. पेस्ट, हळद, बर्फ काही नाही.

त्या रात्री आवारात एकही बॉम्ब वाजला नव्हता, हे मुद्दाम नमूद करतो.

भुईनळा आधी लाजतो, मग उसळतो

भुईनळ्याला आमच्याकडची मुलं झाड म्हणतात, काही घरांत पाऊस म्हणतात. आत दारू आणि धातूचा कीस ठासलेला, बाहेर मातीचं किंवा जाड कागदाचं शंकूसारखं भांडं, वर एक बारीक भोक. वॉचमन पाइपच्या तोंडावर अंगठा ठेवतो तेव्हा पाण्याची धार लांब जाते ना, तेच इथे वायूचं होतं. दारू जळून वायू झाला, वाट अरुंद, म्हणून तो जोरात बाहेर पडतो आणि जाताना जळते कण वर घेऊन जातो.

गंमत आकारात आहे. आग वरून खाली सरकते. शंकू वर निमुळता, खाली रुंद. म्हणजे सुरुवातीला जळणारी जागा चवलीएवढी आणि जसजशी आग खाली उतरते तसतशी ती पसरत जाते. जास्त जागा जळते, जास्त वायू, भोक जवळपास तेवढंच. म्हणून भुईनळा आधी गुडघ्याएवढा लाजतो आणि शेवटी डोक्यावरून जातो. ज्या कुणी पहिल्यांदा सरळ नळीऐवजी शंकू वापरला त्याला नाटक कळत होतं.

आणि म्हणूनच 'पेटलाच नाही' असं वाटून त्यावर वाकून बघणं हा दिवाळीतला सगळ्यात मूर्ख प्रकार आहे. भोकात राख अडकली तर वायू आत साचत राहतो. वाकलेला चेहरा बरोबर त्याच्या वाटेत.

भुईचक्रात तोच वायू नळीच्या टोकातून कडेला सुटतो आणि चक्र उलट्या दिशेला ढकललं जातं. बाणाचंही गणित तेच, फक्त दिशा वरची. त्याची काडी शोभेची नसते, तोल सांभाळायला असते. काडी मोडलेला बाण कुणाच्या गॅलरीत जाईल सांगता येत नाही.

बार होतो कसा, फुसका निघतो कसा

मोकळ्यावर सांडलेली काळी दारू पेटली तर भुस्स होते. तीच कागदाच्या आवळलेल्या वेटोळ्यांत बंद केली तर बार होतो. आवाज दारूत नसतो, कोंडण्यात असतो. आत वायू साठतो, दाब वाढतो, कवच एका क्षणात फाटतं आणि हवेला जो धक्का बसतो तो आपल्या कानावर आदळतो. सुतळी बॉम्बवरची सुतळी त्यासाठीच.

कवच सैल पडलं, वात ओली निघाली, दारू दमट झाली की दाब साठण्याआधीच वायू फटीतून निसटतो. मग फुस्स. 'फुसका बार' हा शब्द आपण पुढाऱ्यांना इतका वापरतो की तो फटाक्यांचा होता हे विसरून गेलो.

फुसके बार गोळा करून, फाडून, आतली पूड कागदावर पेटवणारी मुलं प्रत्येक आळीत असतात. मीही होतो. भुवया परत आल्या, हे नशीब. कोंडलेली नसली तरी पूड डबा घेऊनच बसलेली असते आणि ती जळायला हात मागे घ्यायच्या वेळेपेक्षा कमी वेळ लागतो.

टिकल्यांची जात वेगळी. त्यांत पोटॅशियम क्लोरेट आणि लाल फॉस्फरस असतो, एवढे चिडके की नुसत्या आपटण्याने पेटतात. म्हणून टिकलीत ते कणभरच असतात. क्लोरेट गंधकाबरोबर आलं तर घर्षणानेसुद्धा भडकतं. फटाक्यांत ही जोडी वापरायला १९९२ पासून आपल्याकडे बंदी आहे.

रंग कुठून येतो

गॅसवर डाळ उतू गेली की निळी ज्योत पिवळी होते. मिठातल्या सोडियमचा तो रंग. प्रत्येक धातूचा तापल्यावरचा रंग ठरलेला: स्ट्रॉन्शियम लाल, बेरियम हिरवा, तांबं निळा. निळा सगळ्यात अवघड, कारण तांब्याची रंग देणारी संयुगं जास्त तापली की तुटतात. पुढच्या वेळी खरोखर निळं काही दिसलं तर दाद द्या.

बेरियम, कोर्ट आणि हिरवा शिक्का

आता बातम्यांतला गोंधळ. सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८ रोजी फटाक्यांवर सरसकट बंदी घातली नाही, पण बेरियमचे क्षार वापरायला मनाई केली, एकमेकांना जोडलेल्या फटाक्यांच्या माळा बंद केल्या आणि फक्त कमी प्रदूषणाचे, म्हणजे हरित फटाके चालतील असं सांगितलं. २०२१ मध्ये तेच पुन्हा बजावलं. हरित फटाक्यांत थोडं बेरियम तरी चालू द्या, ही उत्पादकांची विनंतीही २०२३ मध्ये फेटाळली गेली.

बेरियमवरच राग का? पाण्यात विरघळणारी त्याची संयुगं विषारी असतात. इथे कुणीतरी म्हणणार, "माझ्या सासऱ्यांना हॉस्पिटलात एक्स-रेसाठी बेरियम पाजलं होतं!" ते बेरियम सल्फेट. ते विरघळतच नाही, म्हणून आत गेलं तसं बाहेर येतं. फुलबाजीच्या डब्यातलं बेरियम नायट्रेट विरघळतं.

हरित फटाक्यांची सूत्रं नागपूरच्या 'नीरी' या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने तयार केली. एका प्रकारात फटाका फुटताना पाण्याची वाफ सुटते आणि धूळ दाबली जाते. दुसऱ्यात शोरा आणि गंधकच नाही. तिसऱ्यात ॲल्युमिनियम कमी केलंय. धुळीचे कण किमान ३० टक्क्यांनी कमी, हा दावा. म्हणजे सत्तर टक्क्यांपर्यंत शिल्लक राहतात. हिरवा शिक्का म्हणजे पालेभाजी नव्हे. तीन रिक्षांच्या धुराऐवजी दोन रिक्षांचा धूर, एवढा फरक. तो चांगलाच आहे, पण खोक्यावर हिरवं पान बघून खिडकी उघडी ठेवू नका. शिक्का खरा की छापलेला हे बघायला खोक्यावर क्यूआर कोड असतो.

वेळेचं म्हणाल तर रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाचे फटाके देशभर बंद आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबई महानगर प्रदेशासाठी, म्हणजे ठाणे आणि नवी मुंबई धरून, आधी सात ते दहा आणि नंतर आठ ते दहा अशी वेळ आखून दिली होती. आवाजाची मर्यादा फुटल्या जागेपासून चार मीटरवर १२५ डेसिबल. पुन्हा बघा, हे जवळपास सगळे नियम कानासाठी आणि आभाळासाठी आहेत. तारेसाठी एकही नाही.

"नागगोळीला तर ठिणगीही नाही"

हो, आणि ती माझ्या यादीत सगळ्यात वर आहे. काळी गोळी पेटवली की तिच्यातून राखेचा साप वळवळत निघतो, फरशीवर जन्मभराचा डाग ठेवून. आवाज नाही, ज्वाळा नावापुरती. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने तिथल्या विद्यापीठाच्या सहकार्याने एक साधा, पण डोकेबाज प्रयोग केला. फटाका पेटवताना माणूस जितक्या अंतरावर उभा असतो तितक्या अंतरावर यंत्र ठेवून धूर मोजला. मोजले ते पीएम २.५, म्हणजे फुप्फुसात खोलवर जाणारे अतिसूक्ष्म कण.

नागगोळीचा उच्चांक दर घनमीटरला ६४,५०० मायक्रोग्रॅम. माळ ३८,५४०. फुलबाजी १०,३९०. भुईचक्र ९,४९०. आणि दिमाखदार भुईनळा सगळ्यात कमी, ४,८६०.

नीट वाचायचं तर हे काही मिनिटांचे उच्चांक आहेत. आपलं हवेचं मानक २४ तासांच्या सरासरीचं असतं आणि ते ६० आहे. दोन्ही एकाला एक लावून 'हजारपट' म्हणणं बरोबर नाही. पण फुलबाजी भुईनळ्याच्या दुप्पट का, याचं उत्तर साधं आहे. भुईनळा पेटवून आपण पळतो. फुलबाजी हातात असते, नाकापासून हातभर. आणि नागगोळीवर तर मुलं ओणवी होऊन बसतात.

"वर्षभर घोडबंदरवर धूळ खातो, त्याचं काय?"

अगदी बरोबर मुद्दा आहे आणि मी तो टाळणार नाही. मेट्रोची कामं, टॉवरची कामं, कोपरीच्या पुलाकडे उभ्या गाड्या, रबाळे-महापेच्या पट्ट्यातल्या चिमण्या, हे सगळं फटाक्यांनी केलेलं नाही. शहराच्या वर्षभराच्या हवेचं खापर दिवाळीवर फोडणं अन्यायाचं आहे.

पण फुलबाजीचा प्रश्न शहराच्या सरासरीचा नाहीच, हातभर अंतराचा आहे. शिवाय पावसाळा संपून थंडीची चाहूल लागली की रात्रीची हवा जमिनीलगत गार होते आणि वर गरम थराचं झाकण बसतं. एका बाजूला येऊरचे डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडीपलीकडे पारसिकचे. वारा पडला की धूर वाटीत साय धरावी तसा धरतो. पहाटे तलावपाळीला आणि राम मारुती रोडला नव्या कपड्यांत जी गर्दी लोटते, ती आदल्या रात्रीचाच धूर श्वासात घेत असते.

माळ्यावरचा गेल्या वर्षीचा खोका

शेवटचा प्रश्न वहिनींचाच होता: गेल्या वर्षीच्या फुलबाज्या उरल्यात, गॅसशेजारी ठेवून वाळवल्या तर चालतील का?

नाही. ठाण्यातल्या चार महिन्यांच्या पावसात तो लेप नुसता ओला झालेला नसतो. खळ ओल धरते, लेपाला भेगा पडतात, लोखंडाचा कीस गंजतो. गंजलेलं लोखंड म्हणजे आधीच जळून गेलेलं लोखंड. ते वाळवून परत येत नाही. ॲल्युमिनियमही ओलीत हळूहळू पाण्याशी झगडतं, त्यात हायड्रोजन सुटतो आणि थोडी उष्णताही. म्हणून तर काही मिश्रणांत सांभाळून घ्यायला बोरिक ॲसिड घालतात, कॅरमवर टाकतो तेच. भेगा पडलेला लेप रांगेत जळत नाही, ढलप्यांनी सुटून अंगावर पडतो. असा खोका गॅसजवळ तर नकोच. बादलीत रात्रभर बुडवून ठेवायचा आणि मग टाकायचा.

नोटीस शेवटी बदलली. 'बिनधोक' शब्द गेला, नागगोळी गेली. सुती कपडे आणि चप्पल आली, कारण नायलॉन वितळून अंगाला चिकटतं. प्रत्येक विंगखाली पाण्याची एक बादली आली. सेक्रेटरींना बादलीचा खर्च कुठल्या खात्यात टाकायचा ते अजून ठरवता आलेलं नाही.

भाऊबीजेच्या संध्याकाळी मी खाली बसलो होतो. वहिनींची धाकटी, पाच वर्षांची, एकेक फुलबाजी हात लांब करून संपवत होती आणि तार बादलीत सोडत होती. चर्र, बुडबुडे, आणि तिचं हसू. तिला फुलबाजीपेक्षा ते चर्रच जास्त आवडलं असावं. खोका संपला तशी तिने बादलीतल्या तारा मोजल्या. नऊ. पुन्हा मोजल्या, नऊच. खोक्यावर दहा लिहिलेलं.

"काका, एक कुठे गेली?"

मी मोबाइलचा टॉर्च लावला, तिला कट्ट्यावर बसवलं आणि पार्किंगमध्ये वाकून शोधायला लागलो.